पितळेचं तसराळं

शब्द तोंडातून निसटला आणि गुणवंत निमगडे जागच्या जागी थिजला. "साहेब, माझी माय गाळे. तिच्या हातची जी उतरायची ना, ती आता कुठे मिळायला?" एवढंच तो बोलला होता. पण बोलणारा आपण नव्हेच, खुर्चीमागे उभं राहून दुसरंच कोणीतरी बोललं असं वाटून त्यानं खरोखर मान वळवून मागे पाहिलं. मागे नुसता कूलर घरघरत होता. चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरात, वीजकेंद्राला यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीच्या या ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण 'माय' हा शब्द त्यानं तिथे कधी उच्चारला नव्हता. आई म्हणायचा, तेही रजेच्या अर्जापुरतं. आणि आज एका दमात मायही निघाली अन् मायची भट्टीही निघाली. बायकोला, चंदाला, एवढी वर्षं संसार करून जे कळू दिलं नाही, ते कारखानीससाहेबाला फुकटात देऊन टाकलं. काय अडलं होतं? कोणी विचारलं होतं का? साहेब आपल्याच तंद्रीत सांगत होते, इकडची मोहाची दारू म्हणजे काय चीज आहे, पण हल्ली नवसागर घालून नासवतात वगैरे. मुंबईच्या माणसानं, मोहाचं झाड आणि पळसाचं झाड शेजारी उभं केलं तर ओळखणार नाही अशा माणसानं, मोहाबद्दल तोंड वर करून बोलावं हे गुणवंतला सोसवलं नाही. अभिमान असा भलत्या वेळी आणि भलत्या जागी उसळतो. साहेब मात्र पुढे झुकले होते. त्यांचे डोळे चमकत होते. "अरे निमगडे, मग एवढे दिवस बोलला का नाहीत?" ते म्हणाले.

गोष्ट अशी होती की कारखानीससाहेब मागच्या साली कंपनीच्या खर्चानं फ्रान्सला जाऊन आले होते आणि तिथल्या बॉयलरपेक्षा तिथले द्राक्षांचे मळेच त्यांच्या मनात जास्त भरले होते. दिवसभर या मळ्यातून त्या मळ्यात जायचं, तळघरातली वाइन चाखायची, दुपारी मळेवाल्याच्याच अंगणात जेवायचं, रात्री त्याच्याच माडीवर झोपायचं. लोक त्यासाठी लांबलांबून येतात म्हणे आणि सहा-सहा महिने आधी बेत आखतात. आता कंपनीचेच तिकडचे दुबोआसाहेब सपत्निक ऊर्जानगरात येणार होते. दसऱ्याच्या सुट्टीत त्यांना ताडोबाचे वाघ दाखवायचे तर सगळेच दाखवतात. आपण त्यांना आपली वाइन दाखवू, साहेब म्हणाले. पहिला मुक्काम मार्कंड्याला, देवळं बघायची. मग नदीकाठच्या एखाद्या गावात मोहाची चव, गावचंच जेवण, आणि रात्री जंगलखात्याच्या विश्रामगृहात झोप. बेत निमगड्यांनी आखायचा. कायद्याचं काय, असं गुणवंतनं एकदा चाचरत विचारलं, तर साहेब हसून म्हणाले, पाहुण्यांना कसला कायदा! आणि मग सहज, पेपरवेट फिरवत, त्यांनी तेही सांगितलं जे गुणवंतला रात्रंदिवस कुरतडत होतं: मार्चमध्ये इथलं ऑफिस गुंडाळणार, नागपूरला एकच माणूस घेणार, आणि मुंबईत दुबोआच्या शब्दाला वजन आहे. ऑफिसात माणसं तिघं. गुणवंतच्या दोन्ही पोरी शिकत होत्या, क्वार्टर कंपनीचं, गावी मायची एक खोली. नागपूर म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं.

म्हणूनच असेल, एकदा बांध फुटला तर पाणी थांबलं नाही. तो सांगत गेला. पहिल्या धारेची कशी ओळखायची, चुलीत शिंतोडा टाकला की निळी ज्योत कशी उठते, वरच्या भांड्यातलं पाणी कोमट झालं की लगेच कसं बदलावं लागतं. साहेब लहान पोरासारखे ऐकत होते, आणि ते ऐकताहेत हे पाहून गुणवंतला आणखी चेव आला. "आणि साहेब, आमच्याकडची पद्धत आहे. गाळणारी बाई पाहुण्यासमोर पहिला घोट स्वतः घेते. मग पाहुणा." वा, म्हणाले साहेब. हे तर तिथल्यापेक्षा सरस! दुबोआला हे दाखवायलाच हवं. पद्धत! बाहेर येऊन गुणवंतनं सायकलचं कुलूप काढलं. पद्धत कसली आली बोडक्याची. ती गावच्या जमीनदाराची, मालगुजाराची, भीती होती. मालगुजाराच्या ओसरीवर पाहुणे गादीवर बसलेले, माय खाली अंगणात उन्हात उभी, आणि वरून हुकूम, आधी तू पी, काही कालवलं असशील तर तूच मर. माय पदर तोंडाशी धरून प्यायची. मग गडी येऊन गाडगं उचलून न्यायचा. एकदा, तो पाच-सहा वर्षांचा असताना, त्यानं तिथे पाणी मागितलं होतं. मालगुजाराच्या सुनेनं पायरीवरून ओंजळीत ओतलं, इतक्या उंचावरून की निम्मं छातीवर सांडलं. मायच्या हातची दारू त्या घराला चालत होती. दारूला विटाळ नव्हता, पाण्याला होता. हे एवढंसं कोडं त्या वयातही त्याला सुटलं नव्हतं आणि आता सुटलं होतं तर त्याचं त्यानं काय केलं? साहेबापुढे त्याला पद्धत म्हणून मांडलं. ज्या गोष्टीवर थुंकायला हवं होतं तिला हळदकुंकू लावून पाटावर बसवलं.

पुढचे दिवस तो बेत आखत राहिला आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात गोडीही लागली. वाईट हेच. विश्रामगृह मिळवलं, तिथल्या खानसाम्याला गाठलं, जीपची सोय केली. जेवणात वैनगंगेचे मासे, गावठी कोंबडा, तांदळाची भाकर, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी, तिखट मात्र निम्मं. मच्छरदाण्या स्वतः फाटक्या-धडक्या बघून घेतल्या. साहेबांनी सांगितलं होतं की एक भांडं हवं, रुंद तोंडाचं, चांगलं दिसणारं. कारण चाखणारे लोक वाइन गिळत नाहीत, तोंडात घोळवतात आणि थुंकतात. गिळली तर चव कळेनाशी होते म्हणे. गुणवंतला ते ऐकून हसू आलं होतं. एवढ्या लांब जायचं, एवढं करायचं आणि शेवटी थुंकायचं! पण चंद्रपूरच्या बाजारात, जटपुरा गेटाच्या आत, भांड्यांच्या दुकानापुढे उभं राहून त्यानं पितळेचं एक तसराळं निवडलं, बोटानं वाजवून बघितलं, कानाला गोड लागलं. हे सगळं पोचू आत्रामच्या अंगणात व्हायचं होतं. पोचू गुणवंतच्याच गावाबाहेरच्या टोल्यावरचा, वस्तीवरचा, गोंड, त्याची बायको गाळायची, त्यांच्या घरात ते काही वावगं नव्हतं, देवाला लागायचं, सोयऱ्याला लागायचं. दुसऱ्याच्या अंगणात तसराळं ठेवायचं म्हटलं की मनाला काही टोचत नाही. स्वतःच्या मायचं नाव त्यानं सांगितलं होतं, पण ती आता थकली, डोळ्यांनी दिसत नाही, असं साहेबाला नंतर सांगून त्यानं ते पुसूनही टाकलं होतं. निदान पुसलं गेलं असं त्याला वाटलं.

माय, रुखमाबाई, डोळ्यांनी चांगली बघत होती. पोचूला सांगायला गुणवंत गावी गेला तेव्हा ती भिंतीला पाठ लावून तांदूळ निवडत बसली होती, आणि ती काय विचारणार हे त्याला माहीत होतं. दरसाल ऑक्टोबरच्या सोळा तारखेला तो तिला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर न्यायला येई. दीक्षेला या साली तीस वर्षं भरत होती. त्यानं तिला त्यासाठी पांढरं पातळ आणून दिलं होतं आणि एसटीनं नव्हे, जीपनं नेईन असा शब्द दिला होता. पातळ तिनं अजून नेसलं नव्हतं. उशाशी ठेवून झोपायची, शेजारणींना दाखवायची. तीस वर्षांपूर्वी त्याला बोटाशी धरून ती गावच्या बायकांबरोबर चंद्रपूरला पायी गेली होती. त्याला त्यातलं धुळीशिवाय फारसं आठवत नाही. माणसंच माणसं, पायच पाय, आणि मायचा घामेजलेला हात. दीक्षा घेऊन परत आल्यावरचं मात्र लख्ख आठवतं. घरात पाऊल टाकायच्या आधी तिनं भट्टीची मडकी, बांबूची नळी, सगळं टोपल्यात भरलं, नदीवर नेलं आणि एकेक मडकं खडकावर फोडलं. बाप आधीच गेला होता, घर त्या मडक्यांवर चालत होतं. तो रडायला लागला, कारण एका मडक्यावर त्यानं कोळशानं हत्ती काढला होता. माय म्हणाली, रडू नोको, शपथ घेतली हाय, आता आपून कोनाले पाजत नाई अन् पीत नाई. त्यानंतर ती चिखलात भाताची रोवणी करत कमरेतून वाकली ती वाकलीच, पण त्याला चंद्रपूरच्या वसतिगृहात ठेवून शिकवलं. तिच्या तोंडून त्या भट्टीचं नाव पुन्हा निघालं नाही. आता पोचूकडे काय काम काढलंस म्हणून तिनं विचारलं आणि त्यानं साहेबांचे पाहुणे येणार आहेत एवढं सांगितलं. तिनं तांदळातला खडा उचलून दूर टाकला. "मले त्यातलं काई सांगू नोको बापा," ती म्हणाली. "सोळा तारखेले वेळेवर ये म्हनजे झालं."

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तो तसराळं, खुर्च्या आणि पांढरी चादर जीपमध्ये घालून दुपारी गावात पोचला, तर टोल्यावर रडारड चाललेली. पोचूचा म्हातारा बाप सकाळी गेला होता. पोचू डोक्याला फडकं बांधून बाहेर आला, त्यानं हात जोडले. सडवा तयार होता, मोहाची भिजवलेली फुलं चांगली फसफसली होती, दोन मडकी भरून. पण घरात मयत झालं की त्या टोल्यावर दिवस होईपर्यंत कोणी भट्टी पेटवत नाही, गेलेल्याच्या आत्म्याला धूर लागतो. पाहिजे तर सडवा घेऊन जा भाऊ, तो म्हणाला, पन इथचा हात नाई लागाचा. त्याचा बाप गेला होता आणि तो आपल्याच अडचणीची माफी मागत होता, हे गुणवंतला कळत होतं. तरी त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की म्हाताऱ्याला आणखी दोन दिवस काढता आले नसते का. असा विचार आपल्या मनात आला याची त्याला नंतर शरम वाटली. नंतर म्हणजे फार नंतर. त्या वेळी तो मनात नुसता हिशोब करत होता. नागपूर गेलं, क्वार्टर गेलं, पोरींच्या शाळा गेल्या. मायच्या ओसरीवर येऊन तो खांबाला टेकून बसला आणि विडी पेटवायची काडी तीनदा विझली. बातमी त्याच्या आधीच मायपर्यंत पोचली होती. ती त्याच्याकडे बघत राहिली, तापात पडलेल्या पोराकडे बघावं तशी. मग म्हणाली, "नोकरी जाते काय रे?" तो म्हणाला, जाईल बहुतेक. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तिला हे सांगितलं की पुढे काय होईल ते त्याला माहीत होतं. माहीत असून त्यानं सांगितलं. अंगणात कोंबडी माती उकरत होती. "पोचूचा सडवा आन्," ती उठत म्हणाली. "मडके मात्र कोरे आन्. अन् कोनाले सांगू नोको."

पहाटे तिनं मागच्या परसात चूल मांडली. गुणवंत पाणी ओढून देत होता. त्याला वाटलं होतं, तिचा हात विसरला असेल. हात कुठला विसरतोय! तिनं ओल्या मातीनं सांधे लिंपले, नळी तिरपी बसवली, वरच्या भांड्यात बोट बुडवून पाणी बदलायला सांगितलं, आणि थोड्या वेळानं धार उतरू लागली. तो वास. मोहाचा तो गोडस, कोंदट, जड वास परसात भरला आणि गुणवंत एकदम लहान झाला, कोळशाचा हत्ती काढणारा, झोपाळलेला. त्याला रडू यावंसं वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी. मायनं मात्र नाकाला पदर बांधला होता. वास टाळायला की तोंड लपवायला, कोण जाणे. धार चुलीवर शिंपडून बघितली नाही, निळी ज्योत बघायची गरज तिला कधीच नव्हती. गाडगं भरलं तेव्हा तिनं ते त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, आता मी घरात जातो, तू तुझं पाह्य. त्यानं मान हलवली. तो खुर्च्या मायच्याच अंगणात मांडत होता तेव्हा तसराळं बघून तिनं विचारलं, हे कायले? हात धुवाले, तो म्हणाला. चांगलं हाय, ती म्हणाली.

पाहुणे अकराच्या सुमाराला आले. दुबोआसाहेब उंच, लाल, घामानं डबडबलेले. बाई बारकीशी, डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा. मार्कंड्याच्या देवळांवरून दोघं खूष होती. अंगणात ऊन फार म्हणून खुर्च्या ओसरीवर चढवल्या गेल्या. कारखानीससाहेबांनीच सांगितलं आणि गुणवंतनंच त्या उचलून वर नेल्या. द्रोण, चादर, तसराळं, सगळं बरोबर जागेवर होतं. आणि मग साहेबांनी हे घर कोणाचं ते विचारलं, आणि गुणवंतच्या तोंडून निघालं, आमचंच. पुसलेलं सगळं परत उमटलं. "म्हणजे आई इथेच आहेत? त्यांनीच गाळली? अरे, बोलवा ना!" साहेब दुबोआबाईंना इंग्रजीत समजावू लागले, ही ती बाई, आणि इथली जुनी प्रथा अशी, की ती स्वतः आधी पिते. दुबोआबाईंनी कॅमेऱ्याचं झाकण काढलं. गुणवंतनं तोंड उघडलं होतं. साहेब, आई घेत नाही, तिनं सोडली, एवढं तर म्हणायचं होतं. चार शब्द. तेवढ्यात दारात माय दिसली, कारण तिला आपल्याबद्दलचं बोलणं ऐकू आलं होतं. ती अंगणात उतरली आणि उन्हात उभी राहिली, ओसरीखाली, नेमकी तिथेच जिथे अशी बाई उभी राहते. वर खुर्च्यांवर पाहुणे. हे अंगण गुणवंतनं पाहिलेलं होतं. मालगुजाराची ओसरी त्यानं स्वतःच्या हातानं, खुर्ची खुर्ची करून, आपल्या घरी मांडली होती.

"काय म्हनून राह्यले ते?" मायनं विचारलं. तिनं साहेबाकडे नाही, त्याच्याकडे बघून विचारलं. साहेब हसून म्हणाले, "आई, ती तुमची पद्धत. आधी तुम्ही घोट घ्यायचा. निमगड्यांनी सांगितलंय आम्हाला." माय अजून त्याच्याचकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर त्यानं काही केलं असतं, असं तो पुढे स्वतःला सांगत राहिला. राग नव्हता. ती नुसती वाट बघत होती, की हा काही बोलतो का. तो चादरीची सुरकुती सारखी करत राहिला. मग मायनं द्रोण उचलला, पदर तोंडाशी धरला, आणि प्यायली. मान थोडी मागे झाली. गळ्याची शीर हलली. कॅमेरा खटकन वाजला. तिनं द्रोण उलटा करून खाली ठेवला, रिकामा झाला हे दिसावं म्हणून. तीही मालगुजाराकडचीच सवय. दुबोआसाहेबांनी मग आपला द्रोण नाकाशी नेला, डोळे मिटले, घोट तोंडात घेतला, गालांत घोळवला, या गालातून त्या गालात, बाईंकडे बघून भुवया उंचावल्या, आणि वाकून तसराळ्यात थुंकले. बाईही थुंकल्या. कारखानीससाहेबही, फ्रान्सला शिकून आले होते ते, थुंकले. पितळेवर आवाज झाला. पुन्हा घेतली, पुन्हा घोळवली, पुन्हा थुंकली. फार छान, फुलाचा वास राहतो, असं दुबोआसाहेब म्हणाल्याचं साहेबांनी सांगितलं. हे मनापासून होतं, कोणाला कोणाचा अपमान करायचा नव्हता. तेच तर आणखी वाईट. अपमान केला असता तर गुणवंतला निदान कोणावर तरी चिडता आलं असतं. माय तसराळ्याकडे बघत होती. हात धुवायच्या भांड्याकडे.

जेवण झालं, कोंबडा सगळ्यांना आवडला, दुबोआबाईंनी बोटं चाटली. जीपकडे जाताना कारखानीससाहेबांनी गुणवंतच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, नागपूरचं समजा झालं. ज्या शब्दासाठी एवढं केलं तो शब्द आला आणि त्याला काही म्हणजे काही वाटलं नाही. पाहुण्यांना विश्रामगृहावर सोडून, मच्छरदाण्या लावून देऊन, खुर्च्या परत न्यायच्या निमित्तानं तो संध्याकाळी परत आला. मायनं परसातली चूल मोडून सारवून टाकली होती. मडकी दिसली नाहीत. खापऱ्याही दिसल्या नाहीत. माय ती घेऊन नदीवर गेली असणार, एकटीच. ती तसराळं राखेनं घासत बसली होती, आत, बाहेर, काठाखाली, जसं काही ते परत कोणाच्या देवघरात जायचं होतं. चांगलं लख्ख झाल्यावर तिनं ते पदरानं पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं. पाया पडावंसं वाटत होतं, पण तेही तिला आवडायचं नाही. शेवटी जे एक हातात होतं तेच त्यानं पुढे केलं. "माय, सोळा तारखेले जीप घेऊन येतो. सकाळीच. पातळ नेसून तयार राह्य."

"येऊ नोको," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, मीठ संपलं सांगावं तसा. "त्याईनं थुकली, गुनवंता. मी तं गिळली ना बापा."

ती घरात गेली आणि उशाशी ठेवलेलं पांढरं पातळ घेऊन बाहेर आली. ते तिनं त्याच्या हातातल्या तसराळ्यात ठेवलं, घडी न मोडलेलं, आणि चंदाला दे म्हणाली.